जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प आणि मुंबई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९७४ सालचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब आहे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा, व्हॉल्व्हवर चालणारा अमेरिकन अ‍ॅम्प. गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो गेली अकरा वर्षं लोखंडी कपाटाशेजारी उभा आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, "हा हीटर का?" गिटार वाजवणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, पण तेही ठरलेलेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी इंजिनिअर नाही. डाख द्यायला आणि मीटर धरायला शिकलो ते लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, एका वयस्कर रेडिओ मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून बसून. जिथे मेकॅनिकच हवा, तिथे तसं लिहिलं आहे.

व्हॉल्व्ह आणि ट्यूब वेगळे असतात का?

एकच. गिटारवाले ट्यूब म्हणतात, रेडिओवाले व्हॉल्व्ह. लॅमिंग्टन रोडला जाऊन 'ट्यूब' मागितलीत तर ट्यूबलाइटच्या दुकानाकडे बोट दाखवतील. मी व्हॉल्व्हच म्हणतो.

या जुन्या खोक्यात एवढं काय आहे?

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल : बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, आधी आत तांबूस उजेड, मग थोड्या वेळाने निवेदक. आतली तार तापते, तिच्याभोवतीच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. मधे एक बारीक जाळी असते. गिटारमधून आलेला इवलासा सिग्नल त्या जाळीवर जातो आणि हा मोठा प्रवाह कमीजास्त करतो. झालं, हाच अ‍ॅम्प्लिफायर.

गंमत आहे ती त्याला जास्त दामटलं की. ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प मर्यादा ओलांडताच आवाजाचं टोक कापून टाकतो. व्हॉल्व्ह आधी टोक गोल करतो, मग हळूहळू आवाज फाटत जातो. डिलक्स रिव्हर्बमध्ये एसीचा डीसी करायलाही जीझेड३४ हा व्हॉल्व्हच आहे. जोरात कॉर्ड मारली की त्याचा दाब क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. तबलजीने डग्ग्यावर घाप देऊन मनगट सरकवलं की नाद जसा आधी दबतो आणि मग उचलतो, साधारण तसं बोटांना जाणवतं. पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, हलका लावला की आवाज स्वच्छ, जोर दिला की कडा खरखरीत. व्हॉल्यूमचं बटण हाताला लावावंच लागत नाही.

बाकी यादी अशी : आउटपुटला दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, साधारण २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब (घुमारा), ट्रेमोलो (आवाजाची थरथर) आणि सहा छोटे व्हॉल्व्ह. त्यातले चार १२एएक्स७, दोन १२एटी७.

वय कसं ओळखायचं?

विकणाऱ्याच्या तोंडच्या सालावर जाऊ नका. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब १९६३ मध्ये आला, तेव्हा पुढची पट्टी काळी होती. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्हीवाल्यांनी कंपनी विकत घेतली आणि काही वर्षांनी पट्टी चंदेरी झाली. काळ्या पट्टीला भाव जास्त, चंदेरीला कमी. आवाजात मात्र भावाएवढं अंतर नाही, निदान डिलक्स रिव्हर्बच्या बाबतीत. म्हणूनच माझ्यासारख्याला तो परवडला.

खरं वय आतल्या भागांवर छापलेलं असतं. कंट्रोलच्या, म्हणजे फिरवायच्या बटणामागच्या भागाच्या, पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन अंक साल, त्यापुढचे दोन आठवडा. १३७७३४२ म्हणजे १९७३ चा ४२ वा आठवडा. ३०४ म्हणजे स्टॅकपोल. स्पीकरच्या कडेला २२० असेल तर जेन्सन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड. ट्रान्सफॉर्मरवरचा ६०६ हा शूमाकरचा. सगळ्या आकड्यांमधलं सर्वांत अलीकडचं साल घ्या, अ‍ॅम्प त्याच सुमाराचा किंवा थोडा नंतरचा. एखादाच भाग वीस वर्षांनी पुढचा निघाला तर तो बदललेला आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव ठरवताना बोला.

मुंबईत असा अ‍ॅम्प मिळतो कुठे?

चोर बाजारात मिळेल म्हणून शुक्रवारी पहाटे जाणारे बरेच भेटतात. मटण स्ट्रीटवर जुने रेडिओ आणि ग्रामोफोन दिसतात, कधी लाउडस्पीकरवाल्याचा व्हॉल्व्हचा पीए अ‍ॅम्प्लिफायरही सापडतो. गिटारचा अ‍ॅम्प मला तरी तिथे कधी दिसला नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी माल आणणं सोपं नव्हतं. मुंबईत बीट ग्रुप, म्हणजे गिटारवाल्या पोरांचे रॉक बँड, होते, हॉटेलांत बँड होते, सिनेमाचे स्टुडिओ होते, पण अ‍ॅम्प मोजकेच. पुष्कळांनी रेडिओ मेकॅनिककडून रेडिओचेच व्हॉल्व्ह घालून अ‍ॅम्प बनवून घेतले. त्यामुळे जे खरे जुने परदेशी अ‍ॅम्प इथे आहेत ते बहुधा घराघरांत अडकलेले आहेत : धोबीतलाव, माझगाव, वांद्रे, जिथे कुणाचे तरी आजोबा वाजवायचे. तिथपर्यंत पोचायचा रस्ता ओळखीचा. चर्चमधले वादक, गिटार दुरुस्त करणारे, जॅमरूमचे मालक यांच्या कानावर घालून ठेवा आणि वाट पाहा.

दुसरा रस्ता म्हणजे अमेरिकेतला चुलतभाऊ. डिलक्स रिव्हर्ब १९ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे २३ किलोच्या बॅगेत पॅकिंगसकट कसाबसा बसतो. व्हॉल्व्ह काढून, खुणा करून, वेगळे गुंडाळून आणायला सांगा. कस्टमचं त्यानेच आधी विचारून घ्यावं. माझा असाच आला. चुलतभाऊ अजून त्या उपकाराची आठवण करून देतो.

बघायला गेल्यावर काय तपासू?

आधी नाक वापरा. जळका वास, कुबट वास, उंदराचा वास, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मग मागची फळी काढून आतली खालची कड बघा. माझ्या एका मित्राने उपनगरातून एक देखणा अ‍ॅम्प घेतला. घरी आणल्यावर पुढच्या पॅनलच्या आतल्या बाजूला, तळापासून चार बोटांवर, तपकिरी रेघ दिसली. तो २००५ च्या २६ जुलैला पाण्यात उभा होता. फेंडरची पेटी पाइनची असते, ती वाळून जाते. पण ज्याला स्पीकर लावलेला असतो तो पुढचा पॅनल दाबलेल्या भुशाचा, तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

त्यानंतर विचारायचा प्रश्न एकच : शेवटचा कधी वाजवला? "वीस वर्षं हात लावला नाही, एकदम नव्यासारखा आहे," हे ऐकून लोक खूश होतात. मी अशा वेळी सावध होतो. दर आठवड्याला वाजणारा, थोडा घासलेला अ‍ॅम्प मला शंभरदा चालेल. बंद पडून राहिलेल्या अ‍ॅम्पचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकतात, सॉकेट गंजतात, आणि विकणारा तुमच्यासमोर तो थेट प्लगला लावून दाखवायला निघतो. लावू देऊ नका. रेडिओ मेकॅनिककडे सिरीजचा बोर्ड असतो. साध्या, जुन्या तारेच्या १०० वॅटच्या बल्बमधून वीज अ‍ॅम्पला द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. एलईडी बल्बने हे काम होत नाही, म्हणून मी जुन्या बल्बची एक जोडी जपून ठेवली आहे. ज्यांच्याकडे डिमरस्टॅट आहे ते व्होल्टेज हळूहळू चढवतात, तेही चांगलं.

अमेरिकन अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर कसा चालवायचा?

थेट लावला तर संपला. माझ्या अ‍ॅम्पच्या पाठीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल असं छापलेलं आहे. दुप्पट व्होल्टेज मिळालं की आतली ६.३ व्होल्टची तार १२ व्होल्टवर जाते. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब, आणि फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार गुंडाळली असेल तर थेट ट्रान्सफॉर्मर.

तेव्हा स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर, हवा. २३० चे ११० करणारा घ्या, १२० करणारा नको. कारण साधं आहे. भिंतीतले २३० हे कागदावरचे २३०. माझ्याकडे रात्री उशिरा मीटरवर २४२ दिसतात, मग ११० च्या स्टेप-डाऊनमधून ११६ च्या आसपास येतात. जवळपास छापलेल्या आकड्याएवढेच. दुसरं कारण फ्रिक्वेन्सीचं. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेप-डाऊन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर ५० ला जास्त ताण येतो आणि तो जास्त तापतो. व्होल्टेज थोडं खाली ठेवलं की ताण तेवढा कमी. तासभर वाजवून अ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा आणि ट्रान्सफॉर्मरला बाहेरून हात लावा. गरम असणारच. पण हात ठेवून पाच आकडे मोजता येत नसतील तर मेकॅनिकला दाखवा.

क्षमता निदान ३०० व्हीएची असावी. मी ५०० वापरतो, कारण वजनदार स्टेप-डाऊन गुणगुणत नाही. आणि बाजारातला स्वस्त डबा घेण्याआधी त्याचं तोंड बघा. बऱ्याच डब्यांना चपट्या दोन पिनांचं सॉकेट असतं, अर्थिंगची वाटच नसते. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. भिंतीकडच्या प्लगच्या जाड पिनेपासून बाहेरच्या सॉकेटच्या अर्थपर्यंत बीप वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर तो डबा मिक्सरसाठी ठेवा, गिटारसाठी नको.

ब्रिटिश अ‍ॅम्पवाल्यांना हा त्रास नाही. जुन्या व्हॉक्स आणि मार्शलच्या मागे व्होल्टेज निवडायचा सिलेक्टर असतो. तो आधी कुणी कुठे फिरवून ठेवलाय ते मात्र बघून घ्या.

अ‍ॅम्पला हात लावला की झिणझिण्या येतात. हे चालायचंच का?

नाही, नाही आणि नाही. या प्रश्नावर मी चेष्टा करत नाही.

गिटारच्या तारा केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. चॅसीत करंट आला की तो तुमच्या डाव्या हाताच्या बोटांत आला. त्याच वेळी ओठ माइकला लागले आणि माइकचं अर्थिंग चांगलं असेल, तर तुम्ही मधली तार झालात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात एका गिटारिस्टला असा फटका बसलेला मी चार फुटांवरून पाहिला आहे. तो उभाच्या उभा मागे पडला. वाचला, पण पुढे वर्षभर गाताना माइकपासून वीतभर लांब राहायचा.

कारणं साधारण दोन. खूप जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोनच पिनांची वायर असते, आणि आवाजातली गुणगुण कमी करायला विजेच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत एक छोटा कंडेन्सर लावलेला असतो. तो शॉर्ट झाला की चॅसी जिवंत. मेकॅनिककडून तो कंडेन्सर काढून घ्या आणि तीन पिनांची वायर बसवून घ्या. याने अ‍ॅम्पची 'असलियत' जाते म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या कार्यक्रमाला वाजवायलाही जाऊ नका. दुसरं कारण : अर्थची पिन कुणीतरी कापलेली असते. माझ्या अ‍ॅम्पला तीन पिनांची वायर कारखान्यातूनच होती, पण तिसरी पिन पक्कडीने छाटलेली. घरघर येत होती म्हणे.

आणि पिन शाबूत असली तरी भिंतीत अर्थिंग आहे का? जुन्या चाळींत आणि बैठ्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरून बघा. फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. शंकाच असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. दक्षिण मुंबईत बेस्ट असो की उपनगरात दुसरी कंपनी, मीटरच्या अलीकडची वायरिंग तुमची जबाबदारी असते. आमच्या मजल्याने वर्गणी काढून अर्थिंग करून घेतलं. त्याचं निमित्त हा अ‍ॅम्प होता, पण सांगताना मी फ्रिजचं नाव पुढे केलं.

चालू-बंद करण्याचा क्रम?

मेन चालू, स्टँडबाय, म्हणजे आवाज रोखून ठेवणारं दुसरं बटण, तसाच. चहा गाळून होईपर्यंत थांबा, मग स्टँडबाय सोडा. तासन् तास स्टँडबायवर मात्र ठेवू नका. बंद केल्यावर लगेच उचलू नका, गरम व्हॉल्व्ह धक्क्याने जातात.

स्पीकर न जोडता, हेडफोनसाठी चालवला तर?

आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. सर्वांत महाग भाग तोच.

मी स्वतः उघडू का?

व्हॉल्व्ह बाहेरून बदला, जरूर. चॅसी बाहेर काढायची असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या : प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात. कंडेन्सर ती वीज धरून ठेवतात, कधी काही मिनिटं, कधी त्याहून जास्त. माझ्या मेकॅनिककाकांचा नियम होता की डावा हात खिशात. म्हणजे शॉक बसलाच तर एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, जाणार नाही. ते रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामे करायचे, मग मीटरने खात्री करायचे, आणि मगच चष्मा लावायचे. हे समोर बसून पाहिल्याशिवाय करू नका. लिहून शिकवायची ही गोष्ट नाही, म्हणून इथेच थांबतो.

पन्नास वर्षांचे कंडेन्सर बदलू का? मूळ भाग गेले तर किंमत जाते ना?

पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. ते आतून सुकतात, मग घरघर येते, खालचे स्वर पोकळ होतात, आणि एखादा फुटला तर ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. ट्रकच्या टायरसारखं आहे, मूळचे म्हणून कुणी गुळगुळीत टायर ठेवत नाही. सिग्नलच्या वाटेवरचे छोटे कंडेन्सर मात्र डीसी गळत नसतील तर त्यांना हात लावू देऊ नका. उत्साही मेकॅनिक सगळंच उपटून चकचकीत नवं लावतो, आणि आवाज गेला की आपण व्हॉल्व्हला दोष देतो. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून अ‍ॅम्पसोबत ठेवा. पुढच्या मालकाला तोच पुरावा.

व्हॉल्व्ह किती दिवस टिकतात, आणि मिळतात का?

आउटपुटचे व्हॉल्व्ह नियमित वाजवणाऱ्याला काही वर्षं पुरतात. छोटे त्याहून कितीतरी जास्त. आवाज मळका झाला, दम संपला, किंवा प्लेट लालबुंद दिसू लागली की वेळ झाली. लाल प्लेट दिसताच बंद करा, गाणं पूर्ण करायला थांबू नका. छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे, म्हणजे धक्काही आवाज म्हणून पकडतो.

आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन माल अडला आणि भाव चढले. लॅमिंग्टन रोडवर जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांत बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बीईएलचे, व्हॉल्व्ह अजून निघतात. नावांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो : इसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, इसीसी८१ म्हणजे १२एटी७. बीईएलचा चांगला इसीसी८३ मिळाला तर घ्या, माझ्या पहिल्या सॉकेटमध्ये तोच आहे. ईएल८४ स्वस्तात मिळाला म्हणून डिलक्स रिव्हर्बसाठी घेऊ नका. त्याला नऊ बारीक पिना, ६व्ही६ ला आठ पिनांचा जाड बूड. तो बसायचाच नाही. ईएल८४ व्हॉक्सवाल्या मित्राला द्या, एसी३० ला चार लागतात. आणि छापलेलं नाव बोटाने चोळून बघा. ताजी शाई निघते.

नवी ६व्ही६ ची जोडी घातली की बायस, म्हणजे न वाजवतानाही व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाची जुळणी, तपासून घ्या. १२ वॅटच्या व्हॉल्व्हला प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील तर साधारण २० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास ठेवतात. मेकॅनिकने आकडा न सांगता "कानाने लावला" म्हटलं तर दुसरा मेकॅनिक बघा.

घरघर येते. व्हॉल्व्ह गेला का?

आधी घरघरीचा स्वर ओळखा. आपण गिटारवाले, कान आहेत. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्याशी जवळपास जुळली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर संशय. त्याच्याहून एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची : हीटरची वायरिंग, अर्थिंग, किंवा एखादा व्हॉल्व्ह. अमेरिकन पुस्तकांत ६० आणि १२० लिहिलेलं असतं, ते इथे वाचून फसू नका.

गिटार हातात घेऊन फिरल्यावर घरघर कमीजास्त होत असेल तर दोष अ‍ॅम्पचा नाहीच. गिटारच्या तारांखालचे एकाच वेटोळ्याचे, म्हणजे सिंगल कॉइल, पिकअप खोलीतली वीज पकडतात. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी, शेजारच्यांचा इन्व्हर्टर. एका विशिष्ट कोनात, देव्हाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो की माझी गिटार शांत होते. घरच्यांना वाटतं मी देवासाठी वाजवतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत जुन्या अ‍ॅम्पची खरी परीक्षा. आमच्याकडे त्यात चौपाटीचा खारा वारा. जुन्या फेंडरमध्ये सगळे भाग एका काळ्या फायबरच्या पट्टीवर जोडलेले असतात. ही पट्टी ओल शोषते, आणि ओली झाली की तिच्यातूनच थोडी वीज झिरपते. मग जुलैत अचानक कंट्रोल फिरवताना खरखर, भाजल्यासारखा कडकड आवाज, आणि दिवाळीत सगळं आपोआप ठीक. मी पहिल्या वर्षी या खरखरीवर तीन व्हॉल्व्ह बदलले. पैसे पाण्यात, अक्षरशः.

उपाय नवा काही नाही : वाजवा. पावसाळ्यात मी एक दिवसाआड तासभर अ‍ॅम्प चालू ठेवतो. नऊ व्हॉल्व्हची उष्णता आतल्या पट्टीला सुकवायला पुरते. झाकण म्हणून प्लॅस्टिक घालू नका, आत घाम येतो. जुनी सुती चादर बरी. भिंतीला, विशेषतः गळक्या पश्चिमेच्या भिंतीला, टेकवू नका. मागच्या खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने तव्यावर हलक्या गरम करून पुन्हा ठेवा. स्पीकरचा कोन कागदाचा असतो, त्यावर बुरशीचे ठिपके आले तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं नाही. सॉकेट आणि जॅकसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर, तोही व्हॉल्व्ह थंड असताना.

झुरळांचं वेगळं सांगावं लागेल. पाठीमागून उघडा, अंधारा, उबदार खोका म्हणजे त्यांच्यासाठी फ्लॅटच. एकदा ट्रेमोलो बंद पडला म्हणून चॅसी उघडली तर आत वाळलेली पाल निघाली, दोन टोकांमध्ये आडवी. पंचनामा मेकॅनिककाकांनी केला. मागच्या फटीला आता मच्छरदाणीची बारीक ॲल्युमिनियमची जाळी आहे, चॅसीपासून लांब आणि घट्ट बसवलेली. हवा खेळते, पाहुणे येत नाहीत.

चाळीत, सोसायटीत आवाजाचं काय?

वॅट ऐकून फसू नका. गिटारचा १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. २२ वॅटला ११० होतात. कायद्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे अ‍ॅम्प जांभई देतो तिथेच मर्यादा संपते. धोबीतलावच्या रंगभवनसारखं खुलं रॉकचं ठिकाण शांतता क्षेत्रात आलं म्हणून गप्प झालं, तिथे आपली खोली कोण लागून गेली.

"मग पाच वॅटचा घेतो" म्हणणाऱ्यांसाठी : २२ वरून ५ वर आलात की फरक जेमतेम साडेसहा डेसिबलचा. आवाज कानाला निम्मा वाटायला शक्ती दहा पटीने कमी करावी लागते. अ‍ॅम्प आणि स्पीकरमध्ये अ‍ॅटेन्युएटर लावता येतो, तो शक्तीची उष्णता करतो. तो अ‍ॅम्पच्या ओहमशी जुळणारा घ्या, आणि लक्षात ठेवा की आतले व्हॉल्व्ह तेवढेच झिजतात.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी स्वस्त आहेत. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. लादीतून खालचे स्वर थेट खालच्या घरात उतरतात. लाकडी खुर्चीवर दुमडलेली गोधडी, त्यावर अ‍ॅम्प, आणि तोंड कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे. साड्यांइतकं चांगलं आवाज शोषणारं सामान मला माहीत नाही. व्हॉल्यूम तीनच्या आत. आणि वेळ ठरवून घ्या, शेजाऱ्यांना विचारून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी संध्याकाळी सहा ते सात दिले आहेत, दिवेलागणीच्या आत. खरं पाचवर लावून वाजवायचं असेल तेव्हा मी तासाच्या भाड्याने जॅमरूम घेतो.

लोकलने नेता येतो का?

येतो, गर्दी सोडून, मालडब्यातून. पाट्या, हारे आणि डबे यांच्यामध्ये अ‍ॅम्प उभा ठेवा, स्पीकर भिंतीकडे. व्हॉल्व्ह सॉकेटमध्येच राहू द्या, पण धरणाऱ्या स्प्रिंगा बसल्यात का ते बघा. चर्नी रोड ते अंधेरी मी असा खूप वेळा गेलो. एकदा एका मावशींनी त्यावर कोलंबीची पाटी टेकवली. झाकणाचा वास महिनाभर होता.

मंडळाच्या गणपतीत वाजवायला मागतात. देऊ का?

तुम्ही सोबत असाल तर जा. अ‍ॅम्प एकटा पाठवू नका. मांडवाची वीज रोषणाईसोबत एकाच ओळीवर असते, व्होल्टेज खालीवर होतं, आणि न्यूट्रल सैल झाला तर सॉकेटला भलताच आकडा दिसतो. तिथे पोचल्यावर आधी मीटर, मग आरती, मग प्लग. बेंजो पार्टीच्या शेजारी उभं राहणार असाल तर २२ वॅट कुणालाही ऐकू येणार नाहीत, अ‍ॅम्पपुढे माइक लावून घ्या.

मोबाइलवर याच अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल मिळते. मग हा उपद्व्याप कशाला?

नक्कल चांगली असते. रात्री अकरानंतर मीही हेडफोनवर तीच वाजवतो.

तुमचा अ‍ॅम्प ऐकायला येऊ का?

या. सहा ते सात. स्वतःची गिटार आणा, चपला बाहेर काढा, आणि जिना चढताना खालच्या आजी दारात दिसल्या तर "नमस्कार" म्हणा. त्या तास वाढवून देतात कधीकधी.